गीताचं कोरडं नाक

"आई, तुम्ही तेवीस वर्षं तिथे नक्की करत काय होता?" असं माझ्या सुनेनं एकदा पाहुण्यांसमोर विचारलं. ती नागपूरची, बँकेत नोकरी करणारी. तिला बिचारीला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "नाकं पुसत होते." पाहुणे हसले, विषय बदलला. पण मी काही विनोद केला नव्हता.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, बिरसा तहसिलीतल्या एका कन्या छात्रावासाची अधीक्षिका होते. मराठीत याला वसतिगृह म्हणतात. मी मूळची त्याच जिल्ह्यातल्या लांजीकडची. आमच्या घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्हीची भेळ. त्यामुळे लिहिताना एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर संपादकांनी रागावू नये.

अधीक्षिका म्हणजे कोण, हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. ती शिक्षिका असते, पण छात्रावासात शिकवत नाही. ती डॉक्टर नसते, पण सकाळी सहा वाजता दारात जी पहिली मुलगी उभी असते ती "मॅडम, पेट दुख रहा है" असंच म्हणत असते. तांदूळ-डाळीचा साठा, गाद्या, उवा, पाण्याची टाकी, आईच्या आठवणीनं रडणारी सहावीतली पोर, पहिल्यांदा पाळी आल्यावर घाबरून पेटीमागे लपलेली सातवीतली पोर, हे सगळं तिचं. आणि वर्षातून चार-पाच वेळा येणारी सर्दी, तीही तिचीच.

पन्नास मुली दोन मोठ्या खोल्यांत राहतात. पलंगाला पलंग लागून. एकीनं शिंकलं की शेजारची चादर अंगावर ओढते आणि तिसरी हसते. चार दिवसांनी तिघी शिंकतात. सगळ्यात मोठी सर्दी यायची ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. पंधरा दिवस मुली आपापल्या गावी राहून परत यायच्या, प्रत्येकीच्या पिशवीत आईनं दिलेले लाडू, चिवडा, आणि नाकात त्या त्या गावची सर्दी. आठवडाभरात सगळ्या गावांच्या सर्द्या एकमेकींना भेटून घ्यायच्या.

पहिली दोन वर्षं मी फार घाबरायचे. एक पोर खोकली की तिला घेऊन बिरसाच्या सरकारी दवाखान्यात. तिथले डॉक्टर एक दिवस हात जोडून म्हणाले, "मॅडम, आपको यहीं एक कुर्सी लगवा देते हैं।" मग माझी गाठ पडली मेश्राम सिस्टरशी. सिस्टर आमच्या भागातल्या उपकेंद्रात नर्स होत्या, माहेर गोंदियाकडचं, बोलणं अस्सल वैदर्भी. आठवड्यातून एकदा स्कूटीवर छात्रावासात यायच्या. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, पण मला ताई म्हणायच्या आणि मी त्यांना सिस्टर. त्यांनी मला सर्दी शिकवली. शिकवली म्हणजे अक्षरशः शिकवली.

"हे पाहा ताई," त्या म्हणाल्या होत्या, "पहिल्या दिवशी घसा खवखवते. मंग नाक पान्यासारखं वाह्यते. तिसऱ्या-चवथ्या दिवशी तेच घट्ट होते, पिवळं होते, हिरवं होते. रंग पाहून धावू नका. आठ-दहा दिवसात आपोआप जाते. खोकला त्याच्याहून जास्त दिवस राह्यते, तो हट्टी आहे. याले औषध नाई."

"औषधच नाही?"

"नाई. आराम द्या, पाणी पाजा, गरम पेज द्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. ताप आला, अंग दुखलं, तर वजनाच्या हिशोबानं पॅरासिटामॉल. रात्री खोकला झोपू देत नसन तर चमचाभर मध. बस. जे पोरगी जेवते, पाणी पिते, खेळते, तिले सर्दी आहे. जे पोरगी जेवत नाई, पीत नाई, निस्ती पडून राह्यते, जिचा श्वास भरभर चालते, ताप जाऊन पुन्हा येते, कान धरून रडते, तिले माझ्याकडे आना."

हे ऐकून माझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं. उरलेलं अर्धं आमच्या सगनीबाईनं उतरवलं. सगनीबाई आमची स्वयंपाकीण, गोंड, बिरसाजवळच्याच गावची, सहा फूट उंच वाटावी अशी बाई. सर्दीच्या दिवसांत ती मोठ्या पातेल्यात आलं, गूळ, काळी मिरी आणि तुळशीचा काढा उकळायची. सर्दी त्यानं जायची नाही, हे मला सिस्टरनी सांगितलेलं होतं. पण पन्नास मुली हातात गरम पेला धरून व्हरांड्यात उन्हाला बसल्या की त्यांना बरं वाटायचं, हे मी डोळ्यांनी पाहत होते. वाफ मात्र मी बंद केली. एका वर्षी उकळत्या पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, कलंडला आणि एका मुलीच्या पायावर थोडक्यात निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे कोणीही डोक्यावर टॉवेल घेऊन गंजावर वाकायचं नाही, असा नियम.

पालकांना समजावणं अधिक कठीण. एकदा एका मुलीचे वडील जंगलातल्या वाटेनं सायकल मारत आले आणि म्हणाले, पोरीला बाटल चढवा. बाटल म्हणजे सलाईन. मी म्हटलं, तिला साधी सर्दी आहे, ती मागे लंगडी खेळते आहे. ते मागे जाऊन पाहून आले. खेळत होती. परत येऊन म्हणाले, "हौ, खेल तो रही है। तो छोटी वाली बाटल चढ़ा दो।"

पण मला सांगायचं आहे ते गीताविषयी.

करोना येऊन गेल्यानंतरची गोष्ट. तोवर मी सर्दीच्या बाबतीत स्वतःला चांगली जाणती समजू लागले होते. गीता टेकाम आठवीत होती. काळी, काटक, लांब हातांची पोर. कबड्डीत तिच्यासारखी चढाई करणारी मुलगी मी आमच्या शाळेत पाहिली नव्हती. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर बालाघाटला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या आणि शाळेच्या संघात बारापैकी नऊ मुली आमच्या छात्रावासाच्या. मुली कधी बालाघाटला मुक्कामी गेलेल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ती परदेशवारीच होती.

आणि सुट्टीवरून आल्या आल्या सर्दी सुरू झाली. पहिली शिंकली ती रामकली. सहावीतली ही एवढीशी पोर, वर्गात सगळ्यात पुढे आणि सर्दीतही सगळ्यात पुढे. तीन दिवसांत पंधरा, पाचव्या दिवशी तीस.

मला बालाघाटची काळजी लागली. एका सकाळी प्रार्थनेनंतर मी मुलींना उभं केलं आणि मोठ्या आवाजात सांगितलं, "हात धोना, कोहनी में छींकना, एक-दूसरे का गिलास नहीं लेना. और सुन लो, जो बीमार पड़ेगी वो बालाघाट नहीं जाएगी।"

यातलं शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. तेव्हा मला ते फार कडक आणि चांगलं वाटलं.

मी एक वही केली. रोज सकाळी मुली ओळीनं यायच्या, मी कपाळाला हात लावायचे आणि जिचं नाक वाहतं तिचं नाव लिहायचे. आठवडाभरात एकेचाळीस नावं झाली. संघातल्या नऊपैकी आठ जणींची नाकं वाहत होती. नववी गीता. तिचं नाक एकदम कोरडं. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हटलं, "देखो, गीता से सीखो। बराबर हाथ धोती है, इसको कुछ नहीं हुआ।" टाळ्या वाजवल्या आम्ही. गीतानं मान खाली घातली. मला वाटलं, लाजली.

दोन दिवसांनी सगनीबाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत म्हणाली, "मैडम, गीता पेज छोड़ रही है। भात भी आधा।"

मी गीताला विचारलं. ती म्हणाली, पोट भरलं होतं. मी कपाळाला हात लावला. थंडगार. नाक कोरडं. मी तिला पाठवून दिलं. सगनीबाई तिथेच उभी होती. गेली ती मान हलवत.

गुरुवारी मेश्राम सिस्टर आल्या. मी मोठ्या अभिमानानं वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून नावं वाचली.

"एकेचाळीस. सगळ्या जेवतात?"

"हो. दोघींना काल ताप होता, आज नाही."

"मंग ह्या वहीत पाहासारखं काई नाई. ज्याइचं नाव नाई, त्या नऊ जनीइले बोलवा."

"त्यांना काही झालेलंच नाही."

"हौ. म्हनूनच पाहातो," सिस्टर म्हणाल्या आणि पिशवीतून टॉर्च काढला.

नऊ मुली ओळीनं उभ्या राहिल्या. एकेक जण तोंड उघडून आ करत पुढे जात होती. गीता शेवटची. तिनं तोंड अर्धवट उघडलं. सिस्टर म्हणाल्या, "मोठं." तिनं थोडं अजून उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरनी टॉर्च मारला. मग जबड्याखाली दोन्ही बाजूंना बोटांनी दाबून पाहिलं. गीता आक्रसली. काखेत थर्मामीटर लावला.

"ताई, इकडं या."

मी वाकून पाहिलं. घशाच्या दोन्ही बाजूंच्या गाठी लालभडक सुजलेल्या आणि त्यांवर पांढरे ठिपके. थर्मामीटर एकशे दोनच्या वर.

"पण मी रोज कपाळ पाहते!" मी म्हटलं. "आज सकाळीसुद्धा थंड होतं."

तेव्हा दारातून डोकावणारी रामकली शिंकली आणि म्हणाली, "मैडम, गीता दीदी रोज प्रार्थना के पहले नल के नीचे सिर रखती है। बहुत देर तक।"

चढाईत समोर सापडलेल्या पोरीकडे पाहावं तसं गीतानं तिच्याकडे पाहिलं. पण आता सगळं कळलं होतं. पाच दिवसांपासून पोर ताप अंगावर काढत होती, माझ्या हाताला कळू नये म्हणून थंड पाण्याखाली डोकं धरत होती. आणि मी तिच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या होत्या.

सिस्टरनी मला बाजूला घेतलं. "ताई, सर्दी असली तर नाक वाह्यते, खोकला येते, घसा थोडा थोडा दुखते. हिचं नाक वाहून नाई राह्यलं, खोकला नाई, अन् घसा असा की पानी नाई उतरत. हे सर्दी नोहे. हा घशाचा वेगळा आजार आहे, जंतूचा. याले औषध लागते, अन् पुरं लागते. सोडलं तर दोन-तीन आठवड्यानं सांधे धरते. कधी कधी दिलाले धरते. माझ्या मावशीच्या पोरीचं तेच झालं. अजून दर एकवीस दिवसानं सुई घ्याले जाते."

 त्याच दुपारी गीताला घेऊन बिरसाच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं, सिस्टरचं बरोबर होतं. पेनिसिलीनच्या जातीच्या कॅप्सूल दिल्या, दहा दिवसांच्या. "पूरे दस दिन. अच्छा लगे तब भी." गीता एकच गोष्ट विचारत होती, "सर, बालाघाट?" डॉक्टर म्हणाले, मंगळवारपर्यंत ताप नसला, नीट खाल्लं आणि औषध चालू ठेवलं, तर मंगळवारी पाहू. संघ बुधवारी सकाळी निघणार होता.

औषध लागू पडलं. शुक्रवारी संध्याकाळी ताप उतरला, शनिवारी सगनीबाईनं दोन वाट्या पेज दिली तीही संपली. रविवारी गीता मैदानात दोरी फिरवत होती. मी निश्चिंत झाले. कॅप्सूलचं पाकीट मी तिच्याच पेटीत ठेवू दिलं होतं. आठवीतली समजूतदार मुलगी, दिवसाला तीन कॅप्सूल घ्यायला तिला काय अवघड, असं मला वाटलं. आणि मला एकेचाळीस नाकांचं काम होतंच.

सोमवारी सकाळी ती उठली नाही. अंग तापलेलं, घसा पुन्हा तसाच. मी तिची पेटी उघडायला सांगितली. पाकिटात एक कॅप्सूल शिल्लक नव्हती.

"गोलियाँ कहाँ गईं, गीता?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं.

"गीता."

"बाँट दी, मैडम।"

"किसको?"

"टीम को।" मग ती उठून बसली आणि आवाज फुटत नव्हता तरी भरभर बोलू लागली, "मेरा तो ठीक हो गया था, मैडम। दो दिन में ठीक हो गया। इतनी अच्छी दवाई है। इन सबकी नाक बह रही थी, और आपने बोला था जो बीमार रहेगी वो नहीं जाएगी। मैं अकेली जाके क्या करती? कबड्डी में सात लगते हैं।"

 मी मुलींना बोलावलं. एकेक जण खाली मान घालून पुढे आली. एकीनं तीन घेतल्या होत्या, एकीनं दोन, एकीनं चार. शेवटी संघात नसलेली रामकलीही येऊन उभी राहिली.

"तू क्यों आई?"

"मुझे भी मिली थी। आधी।"

"आधी कैसे?"

"खोल के आधा पाउडर चाटा। बहुत कड़वी थी, मैडम। बाकी फेंक दी।" आणि तिनं शिंक दिली. कोपर तोंडाशी नेऊन, अगदी शिकवल्याप्रमाणे.

मला हसूही येईना, रडूही येईना. ज्या औषधाचा सर्दीवर काही उपयोग नव्हता ते सर्दीवाल्या नऊ जणींच्या पोटात गेलं होतं आणि जिला त्याची गरज होती ती तापानं फणफणत होती. तेही संघभावनेनं.

फोन केल्याबरोबर सिस्टर स्कूटी घेऊन आल्या. आल्या आल्या प्रत्येकीची बाही वर करून पाहिली, "खाज सुटली काय? अंगावर काई उठलं काय? श्वास लागला काय?" सुदैवानं कोणाला काही नव्हतं. पेनिसिलीन कोणाकोणाला सोसत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग सिस्टरनी मुलींना समोर बसवलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत समजावलं, "ये दवाई सर्दी को पहचानती नाई. सर्दी उसके बाजू से निकल जाती. तुमने गीता का औषध खाया, और गीता को क्या मिला?" मुली रडायला लागल्या. मला वाटलं होतं सिस्टर गीताला झापतील. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन झापलं ते मला.

"तुमी काहून सांगतलं त्याइले, का जे बिमार पडन ते जानार नाई?"

"मुलींनी काळजी घ्यावी म्हणून."

"त्याइनं काळजी नाई घेतली. त्याइनं लपवलं."

 इतक्या वर्षांत त्या माझ्याशी असं बोलल्या नव्हत्या. रागही आला थोडा. पण नळाखाली डोकं धरलेली गीता डोळ्यांसमोरून हलेना. सर्दी ओळखायला मी शिकले होते. पण आजारी मुलगी माझ्यापासूनच लपत असेल, हे मला ओळखता आलं नव्हतं.

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून दहा दिवसांचं औषध दिलं आणि बालाघाटला स्पष्ट नाही म्हटलं. गीता दवाखान्यात रडली नाही, येताना गाडीत रडली नाही. छात्रावासात येऊन आपला सात नंबरचा बनियन धुतला, वाळवला, घडी केला आणि दुसऱ्या मुलीच्या हातात दिला. मग शौचालयामागे जाऊन रडली. सगनीबाई तिच्याजवळ जाऊन नुसती उभी राहिली.

बुधवारी सकाळी मी प्रार्थनेत उभी राहिले आणि म्हटलं, "मेरी गलती थी।" पन्नास मुली माझ्याकडे बघत राहिल्या. अधीक्षिका असं म्हणते हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी सांगितलं की आजारी पडणं हा गुन्हा नाही, आणि यापुढे जी सांगेल तिची जागा कोणी घेणार नाही. मग संघ खेळाच्या सरांबरोबर बसनं निघाला. जाणार होते मीही. बॅग भरलेली होती. पण मी राहिले. कॅप्सूल आता माझ्या कपाटात होत्या आणि गीतानं माझ्यासमोर गिळून, तोंड उघडून दाखवायच्या, असं ठरलं होतं.

ते दोन दिवस मी विसरणार नाही. सरांचा फोन यायचा, मी स्पीकर लावायचे, आणि ऑफिसात मी, सगनीबाई, गीता आणि दारात बाकी सगळा छात्रावास. पहिला सामना जिंकलो. दुसरा जिंकलो. तोपर्यंत गीताचा ताप उतरला होता आणि आवाज परत आला होता, तो नको इतका परत आला. "सर, उसको बोलो बाएँ से जाए! बाएँ वाली कमजोर है!" ती फोनमध्ये ओरडायची. सर तिकडून म्हणायचे, "अरे, तू देख रही है क्या?" "सर, दीदी लोग ने बताया न अभी!" मध्यंतरात मुली तिला फोनवर सगळं सांगायच्या आणि ती इथून खेळवायची. मध्येच कोणीतरी फोनमध्ये शिंकायचं.

अंतिम सामन्यात आम्ही लांजीच्या मुलींकडून दोन गुणांनी हरलो. माझ्या माहेरच्या बाजूचा संघ, पण त्या दिवशी मला तो मुळीच आवडला नाही. गीता फोन ठेवून म्हणाली, "मैं होती तो जीतते." मी म्हटलं, "हो, जिंकलो असतो." खोटं कशाला बोलायचं?

मुली दुसऱ्या नंबरचा कप घेऊन परतल्या. त्यांच्या अंगात इतका उत्साह होता, की हरलो आहोत हे त्यांना दोन दिवस कळलंच नाही. आणि पुढच्या सोमवारी लांजीच्या छात्रावासाच्या अधीक्षिकेचा मला फोन आला. आम्ही एकमेकींना बैठकींमुळे ओळखत होतो.

"काय हो ताई, कप तर आमी आनला, पन तुमच्या पोरीइनं सोबत काय पाठवलं? माह्या अर्ध्या पोरी शिंकून राह्यल्या!"

कबड्डीत एकमेकींना मिठ्या मारून पकडतात, त्यातून दुसरं काय होणार होतं? मी मनापासून माफी मागितली, आणि मनातल्या मनात तो सामना बरोबरीत सुटला असं धरलं. मग तिला म्हटलं, शिंकणाऱ्यांना पेज द्या. पण आधी ज्या शिंकत नाहीत त्यांचे घसे बघा. ती म्हणाली, "काहून?" मग मी तिला फोनवर ही सगळी गोष्ट सांगितली, टाळ्यांचीसुद्धा.

प्रार्थनेत मागितलेल्या माझ्या माफीचाही एक परिणाम झाला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दाराशी रांग लागू लागली. "मैडम, मेरी नाक." "मैडम, कान में कुछ बोलता है." "मैडम, मुझे कुछ नहीं हुआ, फिर भी देख लो." रामकली तर दिवसातून दोनदा यायची. सकाळचा चहा मी त्यानंतर कधी गरम पिऊ शकले नाही. पण टॉर्च विकत आणला आणि प्रत्येकीचं तोंड उघडून पाहू लागले. निवृत्त होईपर्यंत पाहिलं.

गीताचे दहा दिवस पूर्ण झाले. एकही कॅप्सूल चुकली नाही. तरी सिस्टरनी मला बजावलं होतं, तीन आठवडे लक्ष ठेवा. घसा बरा झाला तरी खरी भीती नंतरची. त्या तीन आठवड्यांत मी गीताला चालताना मागून पाहायचे. जिना उतरताना ती एकदा कठड्याला धरून थांबली, तशी मी धावले. जवळ गेले तर चप्पलेचा अंगठा तुटला होता. रोज विचारायचे, गुडघा दुखतो का, घोटा दुखतो का. ती कंटाळून म्हणायची, "मैडम, आप मेरे पैर के पीछे पड़ गई हो।"

चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला सिस्टर आल्या. भर दुपारी, अंगणात, मुली जेवून उन्हाला बसल्या होत्या. गीताला बाकावर बसवून त्यांनी दोन्ही गुडघे दाबले, घोटे फिरवले, कोपर, मनगट. टॉर्चनं घसा पाहिला. मग स्टेथोस्कोप काढून छातीवर लावला आणि डोळे मिटले. सगनीबाई हातातलं भांडं तसंच धरून उभी.  सिस्टर पुढून ऐकत होत्या, बाजूनं ऐकत होत्या, पाठीमागून ऐकत होत्या.

शेवटी त्यांनी कानातल्या नळ्या काढल्या आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली. "साफ आहे, ताई. मले काई आवाज येत नाई. डॉक्टरले एक डाव दाखवून घ्या, पन मले काळजी नाई वाटत."

 गीतानं लगेच विचारलं, "तो अब मैं खेलूँ?"

"खेल. पर पयले दम दिखा," सिस्टर म्हणाल्या. "कबड्डी बोल. एक सास में."

गीता बाकावरून उठली. दोन्ही पाय रोवले, छाती भरून श्वास घेतला आणि सुरू झाली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आधी हळू, मग एका लयीत. सिस्टरनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मुली एकेक करून उठून गोल करून उभ्या राहिल्या. कबड्डी, कबड्डी. सगनीबाईनं भांडं खाली ठेवलं. गीताचा चेहरा तांबडा झाला, मानेच्या शिरा दिसायला लागल्या, पण डोळे हसत होते आणि आवाज काही तुटत नव्हता. रामकलीनं मोजायला सुरुवात केली होती, तिचे आकडे संपले.

सिस्टरनी घड्याळ पाहणं सोडून दिलं आणि माझ्या हाताला धरून त्या म्हणाल्या, "आता हिले थांबवा वो बाई कोनी तरी!"

मी थांबवलं नाही.